आत्या आल्याशिवाय बारसं नाही

एव्हरशाईन सिटी, वसई (पूर्व)
१२ जानेवारी २०२५

ताई,

नमस्कार. पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळे खुशाल आहेत. मी उन्नती, तुमच्या सिद्धेशची बायको. लग्नाला दोन वर्षं झाली तरी अशी ओळख द्यावी लागते, कारण लग्नात अक्षता टाकून तासाभरात तुम्ही देवरुखची गाडी पकडलीत आणि त्यानंतर फोनवर आपलं बोलणं 'कशी आहेस, बरी आहे' याच्यापुढे सरकलेलं नाही.

तीन तारखेला आम्हाला मुलगी झाली. सिद्धेशने मेसेज केला होता, त्यावर तुमचा अंगठा आला. एक अंगठा, बस. तेव्हा सिद्धेशच म्हणाला, "ताईला पत्र लिही. अठरा वर्षं पोस्टात काढलेली बाई आलेलं पत्र न वाचता ठेवणार नाही." म्हणून हा प्रपंच.

मुलगी दोन किलो आठशे ग्रॅमची आहे आणि डोक्यावर मोठ्या माणसाइतके केस आहेत. माझी आई नाही, म्हणून बाळंतपण करायला तुमच्या आई चांदीपहून इथे आल्यात. शेतावरून येताना शेगडी, ओवा, बाळंतशेपा आणि दोन पोती गोवऱ्या घेऊन आल्या. पहिल्याच दिवशी सातव्या मजल्यावर त्यांनी अशी धुरी केली की वॉचमन धावत वर आला. आई त्याला म्हणाल्या, "आग नाय लागली बाबा, पोर झालीय." तो पेढा घेऊन खाली गेला.

आता मुद्द्याचं. दोन फेब्रुवारीला रविवारी बारसं ठरवलंय. तुम्ही तिच्या एकुलत्या एक आत्या, तेव्हा नाव तुम्हीच काढायचं आणि तुम्हीच कानात सांगायचं. माझी एकच अट आहे: नाव दोन अक्षरी हवं. सिद्धेशने मोबाईलवरून चाळीस नावांची यादी काढलीय. ती वाचताना मला औषधाच्या दुकानात उभं असल्यासारखं वाटतं.

याल ना?

तुमची,
उन्नती


देवरुख
१७ जानेवारी २०२५

उन्नती,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. पिनकोड चौकटीत नीट लिहिलास, तेवढ्यावरच तू मला आवडलीस. हल्ली लोक पत्त्यावर 'देवळाजवळ' असं लिहून मोकळे होतात आणि कोणत्या देवळाजवळ ते आम्ही शोधायचं.

मुलीला माझ्याकडून पापा दे. पण मी येणार नाही आणि नावही काढणार नाही. राग मानू नकोस. तू नवी आहेस, तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून मीच सांगते.

माझं नाव पिंकी आहे. लाडाचं नाही, खरंच तेच आहे. दाखल्यावर, आधारवर, ऑफिसच्या दाराला लावलेल्या पाटीवर: पिंकी जयवंत भोईर, सब-पोस्टमास्तर. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला गुलाबी फडक्यात गुंडाळलं आणि पिंकी म्हटलं, ते तसंच राहिलं. माझं बारसंच झालं नाही. तिसऱ्या वर्षी नाही, चौथ्या वर्षी नाही, पाचव्या वर्षी शाळेत घातलं तेव्हा पिंकी म्हणूनच.

मग सिद्धेश झाला. मी सहा वर्षांची होते. अंगणात मांडव, दोनशे माणूस, पाळण्याला झेंडूच्या माळा. आमची आत्या, जी कधी घरी आली नव्हती, ती नवं लुगडं नेसून आली. मी दारामागून बघत होते. आत्याने मला पाहिलं आणि मोठ्याने हसली, "ही घोडी झाली आता." सगळे हसले. आमचे वडील, अण्णा, खाली मान घालून उभे राहिले. मुलग्याला नाव, मुलीला फडक्याचा रंग. एवढं कळायला सहा वर्षं वय पुरतं.

राजपत्रात नाव बदलता येतं, मला ठाऊक आहे. तो फॉर्म मी तीनदा घरी आणला. 'नवे नाव' या रकान्यापाशी तिन्ही वेळा हात थांबला. स्वतःचं नाव स्वतः ठेवायचं म्हणजे स्वतःच्या वाढदिवसाचा केक स्वतः आणण्यासारखं वाटलं.

अण्णा गेले तेव्हा मी आईला हे सगळं बोलले. ती म्हणाली, "नाव नव्हतं म्हनून उपाशी ठेवली का तुला?" त्यानंतर आमचं बोलणं जेवणापुरतं उरलं. ती विचारते जेवलीस का, मी म्हणते हो.

जिला नाव मिळालं नाही तिने दुसऱ्याला काय द्यायचं? तुम्ही दोघं हौसेने काढा. दोन अक्षरीच का हवं, ते मात्र कळव. उगाच कुतूहल.

पिंकी


एव्हरशाईन सिटी
२३ जानेवारी २०२५

ताई,

तुमचं पत्र मी बाळाला पाजता पाजता वाचलं आणि दोघी मिळून रडलो. तिला भूक होती, मला तुमचा राग आला होता. तुमच्यावर नाही, त्या हसणाऱ्या आत्यावर.

दोन अक्षरांचं सांगते. माझ्या आईला शेवटच्या दिवसांत फार दम लागायचा. ती मला हाक मारायची, 'उन्' म्हणायची आणि थांबायची. 'नती' म्हणायला श्वास उरायचा नाही. मी बाजूलाच बसलेली असायचे, तिला म्हणायचे, कळलं गं, पुढचं नको म्हणूस. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या मुलीचं नाव एका श्वासात पुरं होणारं ठेवायचं. हे मी सिद्धेशलाही सांगितलेलं नाही. त्याला वाटतं मला फॅशन म्हणून छोटं नाव हवंय.

आता मी पहिल्या पत्रात लपवलेली गोष्ट. तुम्ही आला नाहीत तर आई बारसं होऊ देणार नाहीत. दुसऱ्या दिवसापासून एकच धोशा: "आत्या आल्याशिवाय बारसं नाय." मी म्हटलं ताईंना रजा नाही मिळाली तर? म्हणाल्या, "वाट बघू." सिद्धेश आईपुढे बोलत नाही, तो ऑफिसला जातो आणि संध्याकाळी येऊन मुलीला 'छकुली' म्हणतो. शेजारची ज्युली तिला 'बेबी' म्हणते. वॉचमन 'छोटी' म्हणतो.

काल तिला वजनासाठी डॉक्टरांकडे नेलं होतं. मी फीच्या खिडकीपाशी होते. आत बाईंनी विचारलं, नाव काय? मुलगी आईंच्या हातात होती. आई म्हणाल्या, "छकुली." बाईंनी फाइलवर पेनाने लिहून टाकलं, छकुली भोईर. मी परत येऊन ते बघितलं तेव्हा तुमचं पत्र माझ्या पर्समध्येच होतं.

मला माझी मुलगी छकुली म्हणून सब-पोस्टमास्तर झालेली बघायची नाही. या ना ताई.

उन्नती


देवरुख
२८ जानेवारी २०२५

उन्नती,

आजच जाऊन त्या फाइलवरचं नाव खोडून घे. पेनाने लिहिलंय ना, पेनानेच खोडायला सांग आणि बाजूला त्यांची सही घे. जागा कोरी राहू दे. कोरी जागा भरता येते, भरलेली जागा बदलायला जन्म जातो.

आणि आईला वाचून दाखव. शब्द न गाळता वाच.

आई, हा हट्ट सोड. चाळीस वर्षांपूर्वी तुम्हाला एका मुलीचं नाव ठेवायला वेळ झाला नाही, आता दुसरीवर तीच पाळी आणू नकोस. आत्याचा मान वगैरे मला सांगू नकोस. माझ्या आत्याने तो मान कसा वापरला ते मी बघितलंय. मला तो नको. ज्युलीला बसव पाळण्यापाशी, नाहीतर स्वतः बस. मुलगी महत्त्वाची की रीत?

मी येणार नाही. हे पत्र पोचेल तेव्हा दोन तारीख आलेली असेल. बारसं उरकून घ्या आणि नाव मला कळवा, म्हणजे तिच्या नावाने तुम्ही पोस्टात सुकन्या योजनेचं खातं उघडा, पैसे मी भरीन. तेवढं आत्या करू शकते.

पिंकी


एव्हरशाईन सिटी
३ फेब्रुवारी २०२५

ताई,

फाइलवरचं नाव खोडून आणलं. बारसं झालं नाही.

काल दोन तारीख होती. ज्युलीला नाही म्हणून कळवायचं राहून गेलं, ती नवी साडी नेसून, मुलीसाठी विणलेलं टोपडं घेऊन दारात उभी. आईंनी तिला आत घेतलं, डिंकाचा लाडू दिला आणि म्हणाल्या, "आत्या यायची हाय अजून." ती गेल्यावर मी तुमचं पत्र आणलं आणि शब्द न गाळता वाचलं. आई गॅलरीत वालाच्या शेंगा सोलत होत्या. पत्र संपलं तरी सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "लिव. मी सांगते तसं लिव." मी भरभर लिहून घेतलंय, माझं काही घातलेलं नाही.

"पिंकीच्या आत्याला आपली ननंद तुज्या सासऱ्याला द्यायची व्हती. बोलनी झालेली. त्यांनी मला बघितलं आनि माज्याशी लगीन केलं. त्या दिवसापासून वन्सं आमच्या दारात आली नाय. पिंकी झाली तवा ते दोनदा तिच्याकडं जाऊन आले. म्हनाले, नाव मी काढलंय, तू येऊन फक्त कानात सांग. ती म्हनाली, जिला आनलीस तिलाच सांगू दे. मी म्हनलं मग मीच सांगते. ते म्हनाले, मान बहिनीचा हाय, येईल ती, वाट बघू. मला पन वाटलं, तिच्या ननंदेची जागा मी घेतली, आता तिचा मान पन घेऊ? माजं धाडस झालं नाय.

"एक वरीस गेलं, दोन गेली. पाच झाली. शाळेत घालायला मीच नेली, ते लावनीला व्हते. मास्तरनं विचारलं, नाव काय. नाव माज्या जिभेवर व्हतं. पन माज्या सासूनं शिकवलेलं, आत्यानं कानात सांगितल्याबिगर आयनं नाव बाहेर काढलं तर पोरीला बाधतं. मी म्हनलं, पिंकी. मला काय ठाऊक, मागनं बदलत नाय ते.

"शिद्देशच्या बारशाला वन्सं आली. तिची ननंद दुसरीकडं उजवली व्हती, राग गेला व्हता. हे तिला बाजूला घेऊन म्हनाले, दोन पाळने नाय पन दोन नावं सांग, हिच्या पन कानात सांग. ती हसली. म्हनाली, ही घोडी झाली आता, हिचं कसलं बारसं. तवा समदे हसले. त्यांनी मान खाली घातली ती त्याच्यासाठी. दोनशे मानसांत त्यांना शब्द फुटला नाय."

मी विचारलं, नाव काय होतं? म्हणाल्या, "कुंदा. ती झाली तवा अंगनातला कुंदा फुललेला."

मी म्हटलं, मग इतक्या वर्षांत ताईंना सांगितलं का नाहीत? तर म्हणाल्या, "नाव दाखवून काढून घेतल्यावानी झालं असतं."

ताई, तुम्ही सहा वर्षांच्या असताना हसणं ऐकलंत, पण ते कशावरचं होतं ते तुम्हाला ऐकू आलं नव्हतं. अण्णांनी तुमच्यासाठी मागितलं होतं. मला वाटलं, हे एक दिवसही उशिरा कळायला नको, म्हणून स्पीड पोस्ट करतेय.

आणि एक. आई म्हणतात, तेच नाव आता या मुलीला ठेवू, म्हणजे वाया जाणार नाही. दोन अक्षरीही आहे. तुमच्या मनात तसं असेल तर माझी हरकत नाही.

उन्नती


देवरुख
११ फेब्रुवारी २०२५

उन्नती,

पत्र सहा तारखेला मिळालं. पाच दिवस खणात ठेवलं होतं. काउंटरवर लोक, मनीऑर्डरी, आधारची रांग, आणि मधेच मी खण उघडून एक ओळ वाचायची, बंद करायची. शुक्रवारी ऑफिस रिकामं होतं तेव्हा मोठ्याने म्हणून बघितलं. कुंदा. आमचा परेश शिक्के मारत होता, त्याने विचारलं, "मॅडम, कुणाला हाक मारताय?" मी म्हटलं, मला. त्याने पुढे विचारलं नाही, शहाणा आहे.

आणि हसू पण आलं गं. आयुष्यभर मी पिंकीवर चरफडत राहिले आणि माझ्यासाठी थांबलेलं नाव निघालं कुंदा. शाळेत मला कुणी सोडलं नसतं. तरी मला ते फार आवडलंय. अण्णांनी अंगणात उभं राहून, झाडाकडे बघून काढलं असेल ते. मी अण्णांवर इतकी वर्षं रागावले, ते गेले तेव्हाही मी रागातच होते. याचं मला फार वाईट वाटतं. हे आता मी कुणाला सांगू, म्हणून तुला सांगते.

तुझ्या पत्राची शेवटची ओळ मी तीनदा वाचली. 'माझी हरकत नाही.' बिचारी. घाबरू नकोस. कुंदा मी कुणाला देणार नाही. आईला सांग, ते वाया गेलेलं नाही, ते माझं आहे. फॉर्म चौथ्यांदा आणलाय. या वेळी रकान्यापाशी हात थांबला नाही.

तुझ्या मुलीला तिचं स्वतःचं नाव हवं, उरलेलं नाही. तुझ्या आईची गोष्ट डोक्यात ठेवून मी नावं म्हणून बघितली, जिना चढून आल्यावर, धाप लागलेली असताना. बरीच गळली. एक राहिलं: जया. अण्णा जयवंत, त्यातलं अर्धं. जुनं वाटेल तुला, पण मुली नावापेक्षा लवकर मोठ्या होतात आणि मग नाव त्यांच्या मागून येतं. नको असेल तर मोकळेपणाने सांग, मी पुन्हा जिना चढीन.

रीत अशी की बारशाआधी नाव फोडायचं नाही. ती मी मुद्दाम मोडतेय. हे पत्र तुझ्या नावाने नाही, तिच्या नावाने रजिस्टर करतेय. पाकिटावर लिहिलंय: कु. जया सिद्धेश भोईर. एकदा पोस्टमन ते नाव घेऊन दारात आला की ते कुणाच्या येण्या-न येण्यावर अवलंबून राहणार नाही.

तेवीस तारखेच्या रविवारी बारसं ठेवा. मी रजा टाकलीय, येते आहे. पण गाडी बंद पडली, रजा रद्द झाली, मी आजारी पडले, काहीही झालं तरी बारसं त्याच दिवशी. आईला नीट सांग: आत्याची वाट बघायची नाही.

तुमची,
कुंदा
(लिहून बघितलं. सहीला वेळ लागेल सवय व्हायला.)


एव्हरशाईन सिटी
१५ फेब्रुवारी २०२५

प्रिय कुंदाताई,

काल दुपारी बेल वाजली. आमचा पोस्टमन सॅन्टन दारात. "जया सिद्धेश भोईर कोण? सही लागेल." दार आईंनी उघडलं होतं. मी आतून ऐकलं आणि बाळाला घेऊन तशीच बाहेर आले. आई माझ्याकडे बघतायत, मी बाळाकडे. सॅन्टन म्हणाला, "मॅडम घरात नाहीत का?" मी म्हटलं, आहेत, झोपल्यात. आईंनी तिच्या वतीने अंगठा दिला.

सिद्धेशने संध्याकाळी दारातून हाक मारून बघितली, मग स्वयंपाकघरातून, मग गॅलरीतून. मला नाव आवडलं का? मी ते श्वास रोखून, अगदी शेवटच्या श्वासावर म्हणून बघितलं. पूर्ण झालं. हो ताई, आवडलं. आज सकाळी महापालिकेचा फॉर्म भरून दिला. नावाचा रकाना आता रिकामा नाही.

मला वाटलं होतं आई रागावतील, कानात सांगायच्या आधी नाव फुटलं म्हणून. रात्री जेवताना त्या एवढंच म्हणाल्या, "पोस्टमननं सांगितलं, बाधलं नाय काय तिला." मग आज पुन्हा कागद घेऊन बसवलं मला. पुढचं त्यांचं.

कुंदा,

मी तुजी आय. उन्नती लिवते, मी सांगते.

तुजं पत्र तिनं मला दोनदा वाचून दाखवलं. फॉर्म भरलास, बरं केलंस. नाव तुजंच हाय, तवा पन तुजंच व्हतं.

मी मास्तरसमोर तोंड उघडलं असतं तर तुजी येवढी वरसं वाचली असती. भीती वाटली म्हनून गप बसले, आनि तुला वाटत राहिलं तू नको व्हतीस. अण्णा गेले तवा तू बोललीस, मी तुला जेवनाचं सुनावलं. माजी चूक झाली, कुंदा. तुज्या बापाला तू हवी व्हतीस. मला पन.

वन्सं आता नाय. तिची वाट बघायची राहिली नाय. तेवीस तारखेला तू जयाच्या कानात सांग, आनि मग तुज्या कानात मी सांगनार. आत्याचा मान हाय म्हनून कोन काय बोललं तर बोलू दे. पाळन्यात मावनार नायस, माज्या मांडीवर डोकं ठेव. दोनशे मानसं नायत, ज्युली हाय, शिद्देश हाय, येवढी पुरे.

तू लिवलंस, आत्याची वाट बघायची नाय. ऐकलं. आत्याची नाय बघत. पोरीची बघते.

तुजी आय